सहदेव-भाडळीचें आकाश

हस्तलिखितांच्या याद्या करतांना काव्य, ज्योतिष, वैद्यक, हिशेब असे रकाने आंखून घेण्याची रीत आहे, व ती सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु या सोयीपायीं ज्या वाङ्मयाची सर्वांत अधिक हेळसांड झाली, तें म्हणजे सहदेव-भाडळीच्या नांवावर चालणारीं पर्जन्यवचनें होत. काव्याचा रसिक तीं ज्योतिष म्हणून बाजूस सारतो. ज्योतिषी तीं अडाण्यांची बडबड म्हणून हातीं धरीत नाहीं. आणि इतिहाससंशोधकास त्यांत शक, सही, शिक्का यांपैकीं कांहींच मिळत नसल्यामुळें तो त्या पानांचा उपयोग पुष्कळदां दुसऱ्या कागदांस वेष्टण म्हणून करतो. ग्रामजोशांचीं दप्तरें ज्यांनीं सोडून पाहिलीं असतील त्यांस आमच्या म्हणण्याची प्रतीति आलीच असेल. या वचनांकडे आकाशाविषयींचें काव्य म्हणून पाहिलें तर त्यांत काय हातीं लागतें, आणि त्यांचे पाठ संपादणाऱ्यांनीं आजवर कोठें वाट सोडली आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

भाडळी एकट्या महाराष्ट्राची नव्हे. गुजराथेंत तिचीं वाक्यें घरोघर पाठ आहेत. राजपुतान्यांत डंक व भड्डली अशी जोडी आहे. गंगायमुनेच्या प्रदेशांत घाघ आणि भड्डरी यांचीं वचनें चालतात, व रामनरेश त्रिपाठी यांनीं केलेला त्यांचा संग्रह प्रयागच्या हिंदुस्तानी अकादमीनें १९३१ सालीं छापला. बिहारांतील कुणब्यांच्या तोंडचीं अशीं पुष्कळ वचनें ग्रिअर्सन यानें १८८५ सालच्या आपल्या ग्रंथांत नोंदून ठेविलीं आहेत. मिथिला व आसाम येथें डाक, तर बंगाल्यांत खना. या खनेची जीभ कापण्यांत आली अशी कथा तेथें सांगतात, ती वराह व मिहिर या नांवांशीं जोडलेली आहे. भाडळी कोठें सहदेवाची बहीण, कोठें बायको, कोठें जोशाची मुलगी. पूर्वेकडे तर कित्येक ठिकाणीं तिचा पुरुषच झाला आहे. इतक्या भिन्न भाषांत, इतक्या भिन्न नात्यांनीं वावरणाऱ्या या व्यक्तीचें जन्मस्थान व काल शोधण्याचे जे प्रयत्न होतात, ते आम्हांस निष्फळ वाटतात. भाडळी हें ग्रंथकर्त्याचें नांव नसून एका आवाजाचें नांव आहे. एकानें विचारावें, दुसऱ्यानें आकाशाकडे बोट दाखवून उत्तर द्यावें, अशी या वचनांची बैठक असून त्या उत्तरास वजन यावें म्हणून त्याला कोणाचें तरी नांव हवें होतें. तें बहुतेक ठिकाणीं बाईचें असावें, ही गोष्ट मात्र आमच्या मतें कथेच्या सर्व तपशिलांहून अधिक लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां हें काव्य आहे काय? छंद आहे, यमक आहे, सहज पाठ व्हावें असें लाघव आहे. पण एवढ्यानें काव्य होत नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. या वचनांचा मोठा भाग खरोखरच कोरडा आहे. पावसाच्या नक्षत्रांस जीं वाहनें दिलेलीं असतात त्यांचेंच उदाहरण घ्या. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या दिवसाच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावें, नवांनीं भागावें, आणि बाकी उरेल त्याप्रमाणें घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव व शेष शून्य आल्यास हत्ती असें वाहन समजावें. बेडूक, म्हैस, हत्ती असतां पाऊस भरपूर. ही बोटांवरची भागाकाराची करामत असून तीसाठीं मान वर करण्याचीही गरज नाहीं. माजघरांत बसून ती करतां येते. ज्या वचनांत असा हिशेब सांगितलेला आहे तीं रचनेच्या दृष्टीनेंही बहुधा लंगडीं असतात, हें आम्हांस योगायोगाचें वाटत नाहीं. याच्या उलट, चंद्रास पडलेलें खळें, वळवाच्या आधींची वाऱ्याची फिरलेली दिशा, सांजेच्या ढगांचा रंग, तित्तिराच्या पिसांसारखी चितारलेली अभ्रें, धुळींत न्हाणाऱ्या चिमण्या, अंडीं तोंडांत धरून उंचावर चाललेल्या मुंग्या हीं जेथें येतात, तेथें वचन चार शब्दांत उभें राहतें. तेथें उपमा नसते, अलंकार नसतो. पाहिलेली वस्तु आणि तिच्यामागून येणारा पाऊस, एवढेंच. पंडिती काव्यांतील वर्षावर्णनांत मेघ गजासारखे व विजा तरवारींसारख्या असतात, आणि ऋतुवर्णनाचा सर्ग पुरा झाला कीं ते दोन्ही आपापल्या जागीं परत जातात. भाडळीच्या ढगावर पेरणी अवलंबून असते.

या चिन्हांचें मूळ कोणतें, यासंबंधीं विद्वानांत एक सोपें मत रूढ आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भधारणेचें प्रकरण लिहिलें. मार्गशीर्षापासून पुढें ज्या दिवशीं आकाशांत गर्भचिन्हें दिसतील त्यापासून १९५ दिवसांनीं तो गर्भ पाऊस होऊन प्रसवतो असा त्याचा सिद्धान्त. तत्काळ पाऊस येण्याच्या चिन्हांतही त्यानें अंडीं हलविणाऱ्या मुंग्या, जमीन उकरणारीं मांजरें, वर तोंड करून पाहणाऱ्या गाई हीं सर्व सांगितलीं आहेत. यावरून संस्कृत शास्त्र जोशांच्या मार्फत खालीं झिरपलें व त्याचींच हीं प्राकृत शितें, असें अनुमान काढण्यांत येतें. हिंवाळ्यांतील अभ्रांवरून पावसाळा सांगणाऱ्या वचनांपुरतें तें खरें असेल. कारण १९५ दिवसांचा हिशेब हा ग्रंथांतून आल्यावांचून सुचणें कठीण. पण मुंग्यांचें काय? ख्रिस्तापूर्वीं तिसऱ्या शतकांत अराटस नांवाच्या ग्रीक कवीनें आकाशावर ११५४ ओळींचें एक काव्य रचलें. त्याच्या पहिल्या भागांत तारकापुंजांचें वर्णन असून शेवटच्या सुमारें चारशें ओळींत पाऊसवाऱ्याचीं चिन्हें सांगितलीं आहेत. त्यांत अंडीं वर आणणाऱ्या मुंग्या आहेत, आणि आकाशाकडे पाहून वास घेणारीं गुरेंही आहेत. अराटसानें वराहमिहिर वाचला नव्हता, आणि वराहमिहिरानें अराटस वाचला असें मानण्यास कारण नाहीं. मुंगी दोन्हीकडे तेंच करीत होती, एवढेंच यावरून सिद्ध होतें. जें गांवोगांव डोळ्यांनीं दिसतें त्यास ग्रंथाची वंशावळ जोडण्याचा हव्यास संशोधकांनीं सोडावा.

अराटसाचें नांव आलें आहे तर आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्याच्या काव्यावर ख्रिस्तापूर्वीं दुसऱ्या शतकांत हिप्पार्कस या ज्योतिष्यानें टीका लिहिली आणि ताऱ्यांच्या स्थानांविषयींच्या त्याच्या चुका एकामागून एक दाखविल्या. हिप्पार्कसाचा समग्र असा उरलेला ग्रंथ तेवढाच. एवढी कडक टीका होऊनही तें काव्य कोणी टाकून दिलें नाहीं. सिसेरोनें तरुणपणीं त्याचें लॅटिन भाषांतर केलें, पुढें जर्मानिकसानें केलें, आणि नवव्या शतकांत लिहिलेली त्या भाषांतराची सचित्र पोथी आज लायडन येथें जपून ठेविलेली आहे. काव्यांतील आकाश चुकलेलें असलें तरी तें कोणत्या काळीं व कोठून पाहिलेलें आहे हें त्या चुकांवरूनच कळतें, हें तिकडील पंडितांनीं ओळखलें. आमच्याकडे भाडळीची चूक दिसली कीं पान फाडण्यास तेवढें निमित्त पुरतें.

या ठिकाणीं वाचकांनीं एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावें. भाडळीच्या वचनांत मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशीं नक्षत्रें ओळीनें येतात. त्यावरून हें ताऱ्यांचें काव्य असावें असा समज होतो. वस्तुतः त्यांत तारा जवळजवळ नाहीं. पावसाचें नक्षत्र म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रांत आहे तें. आणि सूर्य जेथें असतो तेथील तारे त्याच्या तेजांत लोपलेले असतात. मृगाच्या पावसांत जे तारे कोणासही दिसणार नाहींत ते मृगाचेच. तेव्हां कुणब्याला मृग लागला हें आकाश पाहून कळत नसे. तें जोशी पंचांग पाहून सांगे. डोळ्यांनीं पाहिलेले तारे लोकांच्या बोलण्यांत निराळ्या नांवांनीं येतात. विदर्भांतील गोंडांच्या आकाशकल्पनांचा अभ्यास वाहिया व हलकारे यांनीं केला असून तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत सप्तर्षींचा चौकोन ही खाट असून शेपटाचे तीन तारे हे ती चोरूं पाहणारे चोर आहेत. हें पाहिलेलें आकाश. भाडळीचें नक्षत्र हें मोजलेलें आकाश. एकाच वचनांत मोजलेल्या आकाशाचें नांव आणि पाहिलेल्या आकाशाचें चिन्ह शेजारीं बसतें, जोशी व कुणबी एका ओळींत येतात, हीच या वाङ्मयाची घडण आहे. कुणबी त्या नांवांनाही आपल्या घरचीं करून घेतो. पुनर्वसूच्या पावसास तो तरणा म्हणतो, पुष्याच्या पावसास म्हातारा. आश्लेषेची आसळका होते, मृगाचा मिरग होतो.

नक्षत्र मोजलेलें असल्यामुळेंच त्याचा उपयोग कालनिर्णयास होऊं शकतो, व संग्राहकांनीं हीं पानें कां जपावीं याचें उत्तरही येथें मिळतें. सूर्य मृगांत येण्याचा दिवस ऋतूंच्या मानानें स्थिर नाहीं. अयनचलनामुळें तो हळूहळू पुढें सरकतो. गणेश दैवज्ञानें शके १४४२ (इ. स. १५२०) हें आरंभवर्ष धरून रचलेल्या ग्रहलाघवांत याचा हिशेब अगदीं सोपा केला आहे: शकांतून ४४४ वजा करून ६० नीं भागिलें म्हणजे अयनांश येतात. महाराष्ट्रांतील पंचांगें शतकानुशतकें याच ग्रंथावरून होत असत. त्याच्या नियमानें ज्ञानेश्वरीच्या शके १२१२ मध्यें (इ. स. १२९०) अयनांश १२ अंश ४८ कला येतात, शके १९४७ मध्यें ते २५ अंश ३ कला येतात. अंतर १२ अंश १५ कला, म्हणजे सूर्याच्या गतीनें सुमारें तेरा दिवस. आज मृग ७-८ जूनला लागतो. तेव्हां, आजच्याच पद्धतीच्या तारखांनीं मागें मोजल्यास, ज्ञानेश्वरांच्या काळीं तो मे महिन्याच्या २६ तारखेच्या आसपास लागत असला पाहिजे, आणि जूनच्या ९-१० तारखेस आर्द्रा लागत असली पाहिजे. नैर्ऋत्येचा पाऊस हल्लीं केरळांत १ जूनच्या व मुंबईस ११ जूनच्या सुमारास येतो. वर्षांगणिक तो मागेंपुढें होतो. पण सातशें वर्षांत त्याची सरासरी पुष्कळ हालली नसेल असें मानल्यास, देशावरील ज्या पेरणीच्या पावसास आपण मृगाचा म्हणतों, तोच तेराव्या शतकांतील कुणब्यानें आर्द्रेचा म्हटला असता. वराहमिहिराच्या काळीं मृग तर मेच्या मध्यासच लागे.

अर्थात् मृगावर पेरा करा असें ज्या वचनांत सांगितलेलें आहे तें, आज आपणांस ज्या रूपांत मिळतें त्या रूपांत, फार जुनें असूं शकत नाहीं. किंवा तें जुनें असल्यास मधल्या पिढ्यांनीं त्यांतील नक्षत्र बदललेलें आहे. हा दुसरा पर्याय आम्हांस अधिक संभवनीय वाटतो. मेघदूतांतील यक्षानें मेघ पाहिला तो आषाढाच्या पहिल्या दिवशीं कीं शेवटच्या, यावर टीकाकारांचा वाद आहे. वल्लभदेवाचा पाठ एक, मल्लिनाथाचा दुसरा. पण त्या वादानें कोणाचें शेत वाळलें नाहीं. भाडळीच्या वचनांत पाठ चुकला तर बीं मातींत करपतें. म्हणून प्रत्यक्ष पाऊसच या काव्याचा शोधक झाला: जें वचन आपल्या गांवच्या पावसाशीं जुळेना तें लोकांनीं बदललें किंवा सोडून दिलें. इतर काव्यांत प्रतींची तुलना करून मूळ पाठ ठरविण्याची जी पद्धति आपण वापरतों ती येथें लागू करणें म्हणजे पाटाच्या पाण्यांत उगमाचा थेंब शोधण्यासारखें आहे. येथें प्रत्येक प्रत हा आपल्या काळाचा व आपल्या शिवाराचा स्वतंत्र साक्षी आहे, व त्याच नात्यानें ती छापली पाहिजे.

मात्र आर्द्रेवर पेरणी सांगणारें मराठी वचन मिळालें कीं तें यादवकालीन, असा निकाल देण्याची कोणी घाई करूं नये. उत्तरेकडे पाऊस उशिरां पोहोंचतो. तेथें आजही आर्द्रा हेंच पेरणीचें स्वाभाविक नक्षत्र आहे. तेव्हां तें वचन जुनें नसून उत्तरेहून आलेलें असणें शक्य आहे. आर्द्रा म्हणजे ओली, या नांवावरून अनुमान बांधण्याचा मोहही टाळावा. कारण तें नांव वैदिक काळापासूनचें आहे, आणि तेव्हां सूर्य आर्द्रेंत येई तो पावसाच्या पुष्कळ आधीं. जुनेपणा व उत्तरेपण यांची निवड करण्यास पिकांचीं नांवें उपयोगीं पडतात, भाषाही पडते. परंतु आमच्या मतें सर्वांत खात्रीचें साधन महिना हें आहे. आपल्याकडे व गुजराथेंत महिना अमावास्येस संपतो, उत्तरेस पौर्णिमेस. शुद्ध पक्षांत कांहीं फरक पडत नाहीं. वद्य पक्षांत मात्र पुऱ्या महिन्याचा पडतो. उत्तरेकडील ज्येष्ठ वद्य म्हणजे आपला वैशाख वद्य. वचन उचलणाऱ्यानें हा फेर लक्षांत घेतला नसेल तर त्यांतील चिन्ह एक महिना पुढें गेलेलें आढळेल, आणि वैशाखांतील उन्हाची धग ज्येष्ठांतील पावसाच्या दिवसांत येऊन बसेल. वद्य पक्षाचीं वचनें तेवढीं वेगळीं काढून अशी परीक्षा केल्यास कोणत्या बाडांत परदेशी भरणा किती, हें बऱ्याच अंशीं ठरवितां येईल.

या सर्व परीक्षेस मोठा अडथळा आहे तो लेखकांच्या शुद्धीकरणाचा. शिकलेल्या जोशानें प्रत केली म्हणजे तो मिरगाचा मृग करतो, आसळकेची आश्लेषा करतो, हत्तीचा हस्त करतो. यमक मोडतें, मात्रा वाढतात, आणि जें वचन एका श्वासांत म्हणतां येत होतें तें दोन ठिकाणीं अडखळतें. याचे आम्हांस फार दुःख नसतें, जर छापणारांनीं अशाच प्रती "शुद्ध" म्हणून निवडल्या नसत्या. बाजारांत सहदेव-भाडळी या नांवानें मिळणाऱ्या पुस्तिकांत शकुन, स्वप्नें, पालीचें पडणें, अंगाचें फुरणें यांच्या गर्दींत पर्जन्यवचनें कोंबलेलीं असतात. कोणतें वचन कोठून घेतलें, कोणाच्या तोंडून ऐकलें, याचा उल्लेख नसतो. अशा पुस्तिकांस दोष देण्यांत अर्थ नाहीं; त्या गिऱ्हाइकासाठीं आहेत. दोष द्यावयाचा तर तो आपणांस. ज्या संग्राहकानें पोथीच्या समाप्तींतील ख, अंबर, गगन हे शब्द पाहतांच शून्य मांडून उजवीकडून डावीकडे शक लावला, त्यानेंच आकाशावर बोलणारीं शेजारचीं चार पानें वाचण्याचे श्रम घेतले नाहींत. काव्यांतील आकाशापैकीं शून्याएवढेंच त्यानें मोजलें.

संपादन करावयाचें झाल्यास निदान इतकें व्हावें: वचन जसें लिहिलें आहे तसें, अशुद्धासकट, छापावें, बाड कोणत्या गांवचें, कोणाच्या घराण्यांतील, हें मिळेल तेवढें नोंदावें, आणि विशेषतः भाडळीचीं पानें ज्या पंचांगाच्या कागदांत गुंडाळलेलीं मिळतील तीं त्यांपासून वेगळीं करूं नयेत. वचनांवर शक नसतो, पंचांगावर तो असतोच. शिवाय पंचांग कोणत्या पक्षाचें हेंही महत्त्वाचें आहे. ज्यास टिळक पंचांग म्हणतात त्याचे अयनांश इतरांहून सुमारें चार अंशांनीं कमी असल्यामुळें त्यांत मृग चार दिवस आधीं लागतो. एकाच गांवांत दोन पंचांगें चालत असतील तर एकाच भाडळीचीं दोन आकाशें होतात, आणि कोणत्या घरानें कोणतें मानलें हें कळल्याखेरीज वचनाची परीक्षा करणें व्यर्थ होय.

वहीत लिहिलेल्या वचनांइतकेंच, किंबहुना अधिक टिकाऊ, असें या मोजलेल्या आकाशाचें दुसरें एक वाङ्मय मुलींच्या तोंडीं आहे. सूर्य हस्तांत आला म्हणजे, सप्टेंबरच्या २६-२७ तारखेस, देशावर हादगा बसतो. पाटावर हत्ती काढून त्याभोवतीं फेर धरून गाणीं म्हणतात. तीं गाणीं सासर, माहेर, खिरापत यांविषयीं असतात. पाऊस त्यांत क्वचित् डोकावतो. परंतु गाण्यांचा दिवस ठरतो तो सूर्याच्या नक्षत्रावरून, आणि हत्ती पाटावर येतो तो हस्त या नांवावरून. सूर्य एका नक्षत्रांत तेरा-चौदा दिवस राहतो. हादगा मात्र सोळा दिवसांचा. हे वरचे दिवस कोठून आले याचा उलगडा पंचांगांत नाहीं. हादग्याच्या गाण्यांचे जे संग्रह होतात त्यांत गाणें कितव्या दिवशीं म्हणत असत ही नोंद ठेविल्यास तो उलगडा होण्याचा संभव आहे. पहिल्या दिवशीं एक गाणें व पुढें रोज एकेक वाढवीत जाण्याची चाल ज्या गांवीं आहे, तेथें शेवटचीं दोन-तीन गाणीं कोणतीं, हें प्रथम पाहावें.